यूटी-२१०ई टाँग टेस्टर: जबड्यासाठी घ्या, प्रोबसाठी नको

बडोद्यात इलेक्ट्रिकलची पदवी हातात पडली की पहिली नोकरी बहुधा मकरपुरा, वाघोडिया, सावली किंवा पोरकडच्या एखाद्या कारखान्यात लागते. कोणी पॅनल बनवणाऱ्यांकडे जातो, कोणी ट्रान्सफॉर्मरवाल्यांकडे, कोणी मेंटेनन्सला, तर कोणी छपरावरच्या सोलरच्या कामाला. पहिल्या पगारातून स्वतःचा मीटर घ्यायचा तर कोणता, हे तेव्हाच ठरवावं लागतं. त्यासाठी युनि-टी कंपनीचा यूटी-२१०ई हा छोटा टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) आम्ही सुचवतो. मात्र एक अट आहे. तो करंट मोजायला घ्या. चारशे पंधरा व्होल्टच्या पॅनलमध्ये प्रोब (मीटरच्या टोकदार लीड) घालून व्होल्टेज मोजायला तो बनलेला नाही. त्यासाठी कंपनीचा मोठा मीटर मागून घ्या.

आधी मीटर नीट बघू. शर्टाच्या खिशात बसेल एवढा आकार, जबडा १७ मिलिमीटरचा, पडद्यावर २००० पर्यंतचे आकडे. करंटच्या तीन रेंज आहेत: २, २० आणि १०० अँपिअर. तिन्हींवर एसी आणि डीसी दोन्ही मोजता येतात, एसी ट्रू आरएमएस (लहर वेडीवाकडी असली तरी खरा आकडा). दोन अँपिअरच्या रेंजवर शेवटचा अंक १ मिलिअँपिअरचा. व्होल्टेज ६०० पर्यंत. रेझिस्टन्स, कंटिन्युइटीचा बझर, डायोड, कपॅसिटर आणि तारेला न लावता फेज दाखवणारं एनसीव्ही, हेही आहे. चालतो दोन बारीक ‘ट्रिपल ए’ सेलवर.

कागदावर न दिसणारा याचा मोठा गुण म्हणजे यात करंटसाठी प्रोबचं वेगळं भोकच नाही. साध्या मल्टिमीटरवर नवख्या माणसाकडून होणारी सगळ्यात घातक चूक ठरलेली असते. आधी करंट मोजायला लाल लीड १० अँपिअरच्या भोकात घातलेली असते, ती तशीच राहते आणि तोच मीटर व्होल्टेजसाठी दोन फेजवर लावला जातो. त्या भोकाच्या मागे जवळपास शून्य ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टन्स) असतो, म्हणजे हातात धरून केलेला शॉर्ट सर्किटच. आत दर्जेदार फ्यूज असेल तर तो उडतो. स्वस्तातल्या मीटरमध्ये काचेचा फ्यूज असतो, तो फुटून आत आर्क (हवेतून पेटत राहणारा विजेचा झोत) चालू राहू शकतो. २१०ईमध्ये करंट जबड्यातूनच मोजला जातो, त्यामुळे ही चूक करायला वावच उरत नाही. पहिल्या वर्षात याचं मोल फार आहे.

जबडा वापरण्याची रीत मात्र अंगवळणी पाडून घ्यावी लागते. पूर्ण केबल जबड्यात घेतली तर आकडा शून्याजवळच येतो, कारण जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांची चुंबकीय क्षेत्रं मारतात. एकाच वेळी एकच तार घ्यायची, ती जबड्याच्या मध्यावर ठेवायची आणि शेजारच्या जाड फेजपासून जबडा शक्य तेवढा लांब धरायचा. सुरुवात नेहमी १०० च्या रेंजपासून करून खाली यायचं. करंट फार लहान असेल तर ती तार जबड्यातून पाच वेळा गुंडाळून घ्या आणि आकड्याला पाचने भागा. मशीन शॉपमध्ये जबड्याच्या दोन टोकांवर लोखंडाचा कीस चिकटतो. तेवढीशी फट पडली तरी आकडा कमी येतो, म्हणून मोजण्याआधी कोरड्या फडक्यानं टोकं पुसायची.

डीसीसाठी आणखी एक पायरी आहे. आत चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर असल्यामुळे जबडा रिकामा असतानाही पडद्यावर काही मिलिअँपिअर दिसतात. त्यात पृथ्वीचं क्षेत्र असतं आणि आधी मोजलेल्या मोठ्या करंटचा लोखंडात राहिलेला अंशही असतो. म्हणून तारेजवळ जायचं, ज्या दिशेला धरून मोजणार त्याच दिशेला मीटर धरायचा, जबडा बंद ठेवून झीरो दाबायचं, मग तार आत घ्यायची. टेबलावर झीरो करून शिडीवर चढून उभा धरला की आकडा पुन्हा सरकतो. असं झालं की मीटर बिघडला असं वाटतं, पण तसं नसतं.

आता अट कशासाठी, ते सांगतो. मीटरवर कॅट टू ६०० व्होल्ट आणि कॅट थ्री ३०० व्होल्ट असं लिहिलेलं आहे (कॅट म्हणजे मीटर कुठे वापरायला सुरक्षित, याचा वर्ग). नवी मुलं ‘६००’ वाचतात आणि ४१५ त्यात बसतं म्हणून निर्धास्त होतात. पण कॅटचा आकडा रोजच्या व्होल्टेजपुरता नसतो. लाइनवर क्षणभर येणारा झटका मीटर किती सोसेल आणि त्या झटक्यामागे केवढी ताकद उभी आहे, ते त्यातून कळतं. कॅट टू ६०० आणि कॅट थ्री ३०० या दोन्हींची चाचणी ४००० व्होल्टच्या झटक्यानं होते, कॅट थ्री ६०० ची ६००० व्होल्टनं. शिवाय कॅट टूची चाचणी १२ ओहमच्या रेझिस्टन्समागून होते आणि कॅट थ्रीची २ ओहममागून. म्हणजे ४००० ला १२ ने भागलं तर सुमारे ३३३ अँपिअर येतात, ६००० ला २ ने भागलं तर ३०००. घरातल्या सॉकेटपाशी आणि कारखान्याच्या बसबारपाशी (पॅनलमधल्या जाड पट्ट्यांपाशी) ‘६०० व्होल्ट’ या एकाच शब्दाचे अर्थ इतके वेगळे होतात. एमसीसी (मोटर कंट्रोल सेंटर) पॅनलमध्ये मोठा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा चुंबकीय स्विच) सुटला किंवा कपॅसिटर बँक आत आली की असे झटके येतातच. तेव्हा फेज-टू-फेज ४१५ मोजायला कॅट थ्री ६०० किंवा १००० व्होल्टचाच मीटर हवा. तारेवरचं इन्सुलेशन शाबूत असेल तर २१०ईचा जबडा बाहेरून लावायला हरकत नाही. उघड्या बसबारला मात्र तो लावायचा नाही.

ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या) बाबतीत हेच आणखी काटेकोर पाळावं लागतं, आणि बडोद्याच्या कारखान्यांत आज ड्राइव्ह नाही असा कोपरा सापडणं अवघड आहे. या मीटरमध्ये व्हीएफसी नावाची सोय आहे. ड्राइव्हच्या आउटपुटवर खरी साइन वेव्ह नसते, हजारो हर्ट्झनी कापलेले पल्स असतात. साधा मीटर त्यावर गोंधळून भलताच आकडा दाखवतो. व्हीएफसी लावलं की आतला फिल्टर पल्स गाळतो आणि मोटरला जाणवणारं मूळ व्होल्टेज दिसतं. सोय चांगली आहे, पण ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हवर ती या मीटरनं वापरू नका. कारण हिशेबातच आहे. ४१५ ला १.४१४ ने गुणलं तर डीसी बस (ड्राइव्हच्या आत एसीची डीसी होऊन साठते ती बाजू) ५८७ व्होल्टवर जाते, सप्लाय ४४० असेल तर ६२२ वर. मोटर ब्रेक घेताना ऊर्जा परत येते तेव्हा बस ७०० च्याही वर चढते. लांब केबल असेल तर परावर्तनामुळे मोटरच्या टर्मिनलवर पल्सची टोकं बसच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतात. गाळलेला आकडा ४०० दिसत असला तरी मीटरच्या आतलं इन्सुलेशन ती टोकं सोसत असतं. सिंगल फेज २३० वर चालणाऱ्या छोट्या ड्राइव्हची बस ३२५ व्होल्टची असते. तिथे ड्राइव्हच्याच टर्मिनलवर व्हीएफसी वापरायला हरकत नाही. डीसी बसवर मात्र या मीटरचे प्रोब कधीच नकोत. सप्लाय बंद केल्यावरही बसचे कपॅसिटर भरलेले असतात. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि योग्य रेटिंगच्या मीटरनं शून्य बघायचं.

ड्राइव्हच्या आउटपुटचा करंट जबड्यानं घ्यायला गेलात तर आकड्यावर फार विसंबू नका. या मीटरच्या एसी करंटची अचूकता ५० ते ६० हर्ट्झसाठी दिलेली आहे. १५ हर्ट्झवर हळू फिरणाऱ्या मोटरसाठी ड्राइव्हच्या स्वतःच्या पडद्यावरचा करंट जास्त भरवशाचा.

जबड्याचं खरं काम साध्या मोटरवर दिसतं. ४१५ व्होल्टवर एका एचपीला साधारण १.४ अँपिअर हा ढोबळ हिशेब सगळ्या वायरमनना पाठ असतो. त्यानं १०० अँपिअरची रेंज ६०-७० एचपीपर्यंत पुरते. तिथेच १७ मिलिमीटरचा जबडाही अडतो, कारण त्यापुढच्या मोटरची तार त्यात मावत नाही. म्हणजे रेंज आणि जबडा एकमेकांना साजेसे आहेत.

स्टार-डेल्टावर (मोटर आधी कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीवर नेणाऱ्या स्टार्टरवर) एक फसगत इतकी वारंवार होते की ती नीट मांडायला हवी. १५ किलोवॅटची म्हणजे २० एचपीची मोटर घ्या. प्लेटवर २८ अँपिअर लिहिलंय. मोटर डेल्टामध्ये पूर्ण लोडवर चालू आहे, पॅनल उघडलं, मेन कॉन्टॅक्टरपासून मोटरकडे जाणाऱ्या तारेला जबडा लावला, आकडा आला १६. लगेच निष्कर्ष निघतो की मोटरवर लोड कमी आहे. प्रत्यक्षात ती तार एका वाइंडिंगचाच करंट वाहते आणि तो लाइन करंटच्या ०.५८ पट असतो. २८ ला ०.५८ नी गुणलं की १६.२. लाइन करंट बघायचा तर वर, एमसीसीबीपासून (मुख्य ब्रेकरपासून) कॉन्टॅक्टरकडे येणाऱ्या तारेवर जबडा लावायचा, जिथे तो दोन वाटांनी फुटलेला नसतो. ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटर बंद करणारा) मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असेल तर तोही १६.२ वरच सेट करायचा. तो २८ वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत ट्रिप होणार नाही.

तीन फेजचा करंट सारखा येत नसेल तर दोष सप्लायचा की मोटरचा, हे याच जबड्यानं अर्ध्या तासात ठरतं. तिन्ही आकडे लिहून घ्या. सप्लाय बंद करून लॉक लावा, योग्य मीटरनं तिन्ही फेज मेल्याची खात्री करा. मग मोटरच्या तिन्ही लीड एकेक घर पुढे सरकवा: आर ची वाय वर, वाय ची बी वर, बी ची आर वर. तिन्ही सरकवल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा चालवून मोजा. जास्तीचा करंट त्याच सप्लाय फेजवर राहिला तर मागे कुठे तरी लूज लग (तारेच्या टोकाचा सैल जोड) आहे, जळका कॉन्टॅक्ट आहे किंवा व्होल्टेजच असमान आहे. तो मोटरच्या लीडबरोबर सरकला तर दोष वाइंडिंगमध्ये. व्होल्टेजमधली १ टक्का असमानता करंटमध्ये ६ ते १० टक्क्यांनी दिसते, म्हणून आधी व्होल्टेज बघितल्याशिवाय मोटर रिवाइंडिंगला पाठवायची घाई नको.

एका मिलिअँपिअरचा तो शेवटचा अंक घरगुती कामात कसा उपयोगी पडतो, ते दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत कळतं. वायरिंग तीन-चार टप्प्यांत झालेलं, न्यूट्रल कुठे कुणाचा जोडलाय ठाऊक नाही, आणि नवा आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा ब्रेकर) बसवला की तो टिकत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही उडू शकतो. आरसीसीबीच्या पुढची फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र जबड्यात घ्या. अर्थिंगची तार त्यात नको. सगळं ठीक असेल तर आकडा काही मिलिअँपिअरच असतो: काँप्युटर, एलईडीचे ड्रायव्हर, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरची थोडी थोडी गळती. उपकरणं एकेक करून काढत जा, कुठल्या प्लगला आकडा पडतो ते बघा. गीझरचं जुनं एलिमेंट बहुधा इथेच पकडलं जातं. दोन तारा एकत्र घेऊनही मिलिअँपिअरऐवजी सरळ २-३ अँपिअर दिसले तर ती गळती नाही. त्या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलमधून परतत आहे. आरसीसीबीला दोष देऊन उपयोग नाही, जंक्शन बॉक्स उघडून न्यूट्रल वेगळे करायला हवेत. मात्र २ अँपिअरच्या रेंजवर शेवटचे काही अंक आपोआप हलतात. १२ आणि १५ मिलिअँपिअर यांतला फरक या मीटरनं सिद्ध करू नका. त्यासाठी खास लीकेज क्लॅम्प मिळतो.

सोलरवाल्यांना डीसीचा जबडा हवाच. घरावरच्या सहा पॅनलच्या स्ट्रिंगचं (एकामागे एक जोडलेल्या माळेचं) ओपन सर्किट व्होल्टेज साधारण ३०० पर्यंत येतं, करंट भर दुपारी १०-१३ अँपिअर. त्याच दिशेच्या, तेवढ्याच पॅनलच्या दोन स्ट्रिंगचे आकडे एकाच वेळी घेऊन ताडले की धूळ, सावली किंवा तुटलेला डायोड कळतो. कारखान्याच्या शेडवरच्या मोठ्या स्ट्रिंग सहज ६०० व्होल्टच्या पुढे जातात, तिथे या मीटरचे प्रोब चालणार नाहीत, जबडा चालेल. पॅनलच्या तारा जोडणारा एमसी-४ कनेक्टर सोडण्याआधी जबडा लावून करंट शून्य आहे का हे बघणं हा याचा सगळ्यात चांगला उपयोग. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर, मग जबडा. पण पडद्यावर डीसी लागलंय ना, हे मोठ्यानं वाचून घ्या. एसीवर ठेवलेला मीटर १२ अँपिअर डीसी वाहत असतानाही शून्याजवळचाच आकडा दाखवतो. त्या शून्यावर विसंबून कनेक्टर ओढला तर डीसीचा आर्क तुटत नाही, लांबत जातो.

पॅनल आणि रिलेच्या कामावर असाल तर सीटीच्या (मोठा करंट ठरावीक प्रमाणात लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीवर हा मीटर फार सुखाचा. तार न सोडता रेशो तपासता येतो. २००/५ ची सीटी आहे, प्रायमरीवर १२० अँपिअर चालू आहेत, तर सेकंडरीच्या तारेवर ३ अँपिअर दिसायला हवेत. दीड दिसला तर ४००/५ वर जोडलंय किंवा भलतीच सीटी लागली आहे. १ अँपिअरच्या सेकंडरीला दोनची रेंज वापरा. जबडा अशा जागी लावायचा की तार ओढली जाणार नाही. चालू सीटीची सेकंडरी उघडली तर टर्मिनलवर जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं, म्हणून सैल लगच्या जवळ जबडा खेचायचा नाही.

जे याच्याकडून होत नाही तेही सांगायला हवं. इनरशची सोय नाही. डीओएल (थेट लाइनवर सुरू होणाऱ्या) मोटरचा सुरुवातीचा सहा-सातपट करंट एक-दोन सेकंदांत उतरतो आणि पडद्यावर जो दिसतो तो शिखराचा नसतो. सेन्सरचे संकेत नेणाऱ्या चार ते वीस मिलिअँपिअरच्या लूपला हा अपुरा आहे. एनसीव्हीचा दिवा लागला तर व्होल्टेज आहे असं समजा, न लागला तर नाही असं मात्र मुळीच समजू नका. आर्मर्ड केबल, धातूची पेटी, डीसी, यांपुढे तो गप्प असतो. तोडलेल्या पण जिवंत तारेच्या शेजारून धावणाऱ्या तारेवर प्रोब लावले तर ८०-१०० व्होल्टचं भुताटकी व्होल्टेज दिसतं, कारण मीटरचा रेझिस्टन्स १० मेगाओहम आहे आणि ते उतरवायला कमी इंपिडन्सची सोय यात नाही. लाइन मेली की नाही हे ठरवायला दोन पोलचा टेस्टर घ्या. आधी जिवंत लाइनवर तो चालतोय हे बघा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा जिवंत लाइनवर.

आणि ओहमची रेंज म्हणजे मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. अशा वेळी तळघरातल्या पंपाच्या मोटरवर ओहम लावून ‘काही दाखवत नाही, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणत मोटर चालू केली तर घात होतो. मीटर काही व्होल्टनंच तपासतो, ओल त्याला दिसत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरनं वाइंडिंग आणि बॉडीमध्ये तपासायचं. छोट्या लो-व्होल्टेज मोटरला ४० अंश तापमानाच्या हिशेबानं किमान ५ मेगाओहम हवेत. वाइंडिंग थंड असेल तर त्याहून जास्त, कारण तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा आकडा साधारण निम्मा होतो. मेगर लावण्याआधी ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड वेगळी करायची, नाहीतर मोटर वाचेल आणि ड्राइव्ह जाईल.

घेताना मॉडेलच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. याच मालिकेत दिसायला अगदी तसेच पण फक्त एसी करंट मोजणारे मीटर आहेत. दुकानातच डीसीवर ठेवून झीरो करा, जबडा दहा वेळा उघडबंद करा, आकडा काही अंकांच्या आत परत येतो का बघा. मग वेगळी केलेली तार असलेल्या एक्स्टेंशनवर १५०० वॅटची किटली लावून मोजा. २३० व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या आसपास यायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर करंटही कमी येईल, त्यामुळे दोन्ही बघा. बरोबर येणाऱ्या प्रोबची उघडी टोकं लांब आहेत, त्यांना टोपण चढवून ठेवा, ४ मिलिमीटरपेक्षा जास्त धातू बाहेर नको.

बडोद्याच्या मे महिन्यात मीटर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मीटरची अचूकता २३ अंशांच्या आसपास पाच अंश वर-खाली एवढ्यासाठीच दिलेली असते आणि डिकीत पडदा काळा पडतो तो वेगळाच. सेल उतरल्याची खूण दिसली की आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी सेल बदलायचे. पावसाळ्यात महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा.

शेवटी कॅलिब्रेशन. ऑडिटला जाणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर या मीटरचे आकडे लिहायचे असतील तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबचं प्रमाणपत्र लागतं. मकरपुऱ्यातच १९७४ पासून एर्डा ही विद्युत संशोधन संस्था आहे, तिथे हे काम होतं. स्वतःच्या दोष शोधण्याच्या कामाला दरवर्षी प्रमाणपत्राची गरज नाही. कंपनीचा कॅलिब्रेट केलेला मीटर आणि हा, एकाच तारेवर ५, २० आणि ६० अँपिअरला शेजारी धरायचे, फरक डायरीत तारखेसह लिहायचा, आणि सहा महिन्यांनी तोच फरक वाढलाय का ते बघायचं.